फ्लाय बांधताना डबिंगची पद्धत आणि दोऱ्याची निवड

मंदप्रवाह

मासेमारीच्या गळावर कीटकासारखी दिसणारी नकली फ्लाय बांधताना दोऱ्यावर प्राण्यांचे केस किंवा कृत्रिम तंतू वळून तिचे धड बनवतात, त्याला डबिंग म्हणतात. त्याचा विषय निघाला की प्रश्न बहुधा केसांविषयी असतात. ससा घ्यावा की बीव्हर, नैसर्गिक घ्यावे की कृत्रिम, रंग कोणता घ्यावा, यावर भरपूर बोलले जाते. दोऱ्याविषयी मात्र फारसे कोणी विचारत नाही, आणि विचारलेच तर रिळावरच्या आकड्यापलीकडे चर्चा जात नाही. धड जाड का होते, डबिंग दोऱ्यावर सैल का फिरते, दोन-तीन मासे लागल्यावर केस का निघून येतात, या तक्रारींची उत्तरे केसांपेक्षा दोऱ्याच्या घडणीत अधिक सापडतात, असे माझे मत आहे. म्हणून आधी पद्धत ठरवावी, त्या पद्धतीला मानवेल असा दोरा घ्यावा, आणि केसांचा विचार त्यानंतर करावा.

सुरुवात रिळावरच्या आकड्यापासूनच करतो, कारण घोळ तेथूनच सुरू होतो. ६/०, ८/०, १२/० ही मोजणी रेशमी दोऱ्यांच्या काळापासून चालत आली आहे. ६/० म्हणजे सहा शून्ये. शून्ये जितकी जास्त तितका दोरा बारीक, एवढाच तिचा अर्थ. मात्र हे माप सर्व उत्पादकांसाठी एकसारखे नाही. डॅनव्हिलचा ६/० दोरा सुमारे ७० डेनियरचा आहे, तर युनीचा ६/० दोरा १३५ डेनियरच्या आसपास जातो. दोन्ही रिळांवर आकडा एकच, पण एक दोरा दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट वजनाचा. युनीचा ८/० हा ७२ डेनियरचा आहे, म्हणजे तोच डॅनव्हिलच्या ६/० च्या जोडीला बसतो. त्यामुळे एखाद्या कृतीत नुसते ‘६/० दोरा’ असे लिहिलेले असेल आणि उत्पादकाचे नाव नसेल, तर त्यावरून फारसा बोध होत नाही.

डेनियर म्हणजे ९,००० मीटर दोऱ्याचे ग्रॅममधील वजन. हे माप निश्चित आहे, परंतु ते वजनाचेच आहे. ताकद, जाडी किंवा घडण यांविषयी ते थेट काही सांगत नाही. आणि डबिंगच्या दृष्टीने घडणच महत्त्वाची ठरते.

घडणीचे ढोबळ मानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार सुट्या तंतूंच्या, जवळजवळ पीळ नसलेल्या नायलॉनचा. यूटीसीचे ७० आणि १४० डेनियरचे दोरे या प्रकारात येतात. हा दोरा गळाच्या दांडीवर फितीसारखा पसरतो, थोडा ताणला जातो आणि त्याचे तंतू सुईने वेगळे करता येतात. दुसरा प्रकार पॉलिएस्टरचा, हलका पीळ असलेला आणि तंतू एकमेकांना चिकटवून धरलेला. युनीचे नेहमीचे दोरे असे असतात. ते कमी ताणले जातात, बरेचसे गोल राहतात आणि सहजी फुटत नाहीत. तिसरा प्रकार जेल-स्पन पॉलिइथिलीनचा, म्हणजे ज्याला सगळे जीएसपी म्हणतात त्याचा. त्याच्या जाडीच्या मानाने त्याची ताकद थक्क करणारी आहे. तो जवळजवळ ताणलाच जात नाही, पण फार गुळगुळीत असतो.

आता मुख्य मुद्दा पिळाचा. उजव्या हाताने बांधणारा माणूस दांडीच्या वरून पलीकडे वेढे देत जातो, तेव्हा साधारणपणे प्रत्येक वेढ्यागणिक दोऱ्यात थोडा पीळ भरत जातो, आणि वरून पाहिले असता तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने असतो. वीस-पंचवीस वेढ्यांनंतर फितीसारखा असलेला दोरा सुतळीसारखा गोल झालेला दिसतो. बॉबिन (दोऱ्याचे रीळ धरणारे नळीचे साधन) लोंबकळत सोडून उलट दिशेने फिरवली की दोरा पुन्हा सपाट होतो. एखादी पद्धत गोल दोऱ्यावर चांगली चालते, एखादी सपाट दोऱ्याशिवाय जमतच नाही. तेव्हा दोरा कोणता घेतला याइतकेच त्या क्षणी तो कोणत्या अवस्थेत आहे, हेही पाहावे लागते.

प्रत्येकाने आपापली पद्धत आणि तिच्यासाठी वापरला जाणारा दोरा यांविषयी लिहावे, अशी विनंती आहे.

नवी_पालवी

उत्तम धागा. माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. बोटांनी दोऱ्यावर केस वळताना ते घट्ट झाल्यासारखे वाटतात, पण पहिला वेढा देताच संपूर्ण डबिंग दोऱ्याभोवती गोल फिरू लागते. मेण कमी पडते आहे, की दोराच चुकीचा आहे?

पाणकावळा

नवी_पालवी, बहुतेक वेळा यामागे मेणही नसते आणि दोराही नसतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये केस पुढे-मागे चोळले जातात, हे त्याचे कारण असते. पुढे जाताना बसलेला पीळ मागे येताना सुटतो. वात वळताना जसे बोट एकाच दिशेने नेऊन, उचलून, पुन्हा पहिल्या जागी आणतात, तसेच येथे करावे लागते. उजव्या हाताने बांधत असाल तर वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळावे. मंदप्रवाह यांनी सांगितल्याप्रमाणे वेढ्यांमुळे भरणारा पीळही त्याच दिशेचा असतो, म्हणून पुढचा प्रत्येक वेढा डबिंग सोडवण्याऐवजी आणखी आवळत जातो. उलट दिशेने वळले तर पहिल्या चार वेढ्यांतच ते सैल पडते.

थेट डबिंगची पद्धत सर्वांत सोपी समजली जाते आणि त्यामुळेच ती सर्वांत निष्काळजीपणे केली जाते. या पद्धतीत केस दोऱ्यात अडकत नाहीत. ते दोऱ्याभोवती गुंडाळले जातात आणि दोरा आतून सरळच राहतो. केस टिकतात ते एकमेकांत गुंतल्यामुळे आणि मेणाच्या घर्षणामुळे. म्हणून केस फार लांब असतील तर ते दोऱ्याला न धरता स्वतःभोवतीच गोळा होतात, आणि एका चिमटीत जास्त केस घेतले तर आतला थर दोऱ्याला धरतो व बाहेरचा थर त्यावरून घसरत राहतो. जाड डबिंग पातळ डबिंगपेक्षा सैल का असते, याचे उत्तर एवढेच आहे.

१६ नंबरच्या गळावरच्या (नंबर जितका मोठा तितका गळ लहान) ड्राय फ्लायसाठी, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायसाठी, मी केस चिमटीत घेतल्यावर ते ओढून इतके विरळ करतो, की त्यांच्या आरपार बोटाच्या पेरावरच्या रेषा दिसाव्यात. दोऱ्यावर वळल्यानंतर शेपटीकडच्या टोकाला ते नुसत्या दोऱ्यापेक्षा जेमतेम जाड दिसले पाहिजेत. धड निमुळते हवे असेल तर पुढच्या चिमटीत थोडे अधिक केस घ्यावेत. एकाच चिमटीत बारीकपासून जाडापर्यंतचा उतार साधण्याचा हट्ट धरू नये.

आणखी एक बारकावा कृतींमध्ये सहसा सांगितलेला नसतो. डबिंग आणि गळाची दांडी यांच्यामध्ये दोऱ्याचा जो मोकळा तुकडा राहतो, त्याचे काय करायचे हे आधी ठरवले पाहिजे. एक तर वळलेले डबिंग बोटांनी वर सरकवून दांडीला भिडवावे. अथवा दोरा शेपटीच्या चार-पाच वेढे पुढे ठेवून डबिंग वळावे आणि तो मोकळा तुकडा मागे जाताना संपवावा, म्हणजे पहिले केस बरोबर शेपटीच्या बुडाशी पोहोचतात. याकडे दुर्लक्ष झाले की शेपटीपाशी उघड्या दोऱ्याचा पट्टा दिसतो किंवा तेथे गाठीसारखा फुगवटा येतो.

मेणाच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. बीव्हर, मस्करॅट, मोल (जमिनीखाली बिळात राहणारा लहान प्राणी) आणि ससा यांची आतली बारीक लव इतकी मऊ असते, की दोऱ्याला कारखान्यातच लावलेले मेण तिला पुरते. जास्त मेण लावले तर केसांचे गोळे होतात आणि धडाचा हलकेपणा जातो. शेळीचे चमकदार केस, सीलसारखे राठ केस आणि अँट्रॉनसारखे निसरडे कृत्रिम तंतू यांना मात्र चिकट मेणाशिवाय गत्यंतर नाही.

मंदप्रवाह

पाणकावळा यांच्या मेणाविषयीच्या मताशी मी बहुतांशी सहमत आहे. त्यात एकच भर घालतो. मेण दोऱ्याला लावावे, बोटांना नव्हे. बोटांना लागलेले मेण केस दोऱ्याकडे जाऊ देत नाही, ते बोटांनाच चिकटतात. हवा फार कोरडी असेल आणि कृत्रिम तंतू स्थिर विजेमुळे उडत असतील, तर बोटे किंचित ओली केल्याने काम भागते.

आता लूपविषयी. थेट डबिंगमध्ये केस दोऱ्याभोवती असतात, लूपमध्ये ते दोऱ्याच्या दोन पदरांमध्ये पकडले जातात, आणि या एका फरकामुळे सगळी गणिते बदलतात. सशाच्या तोंडावरचे राठ केस, खारीचे केस, शेळीचे केस हे सर्व थेट वळल्यास हट्टीपणे बाहेर निघतात. लूपमध्ये मात्र ते मधोमध धरले जातात, त्यांची दोन्ही टोके मोकळी राहतात, आणि पायांसारखे हलणारे धड तयार होते. निम्फसाठी (पाण्यातल्या अपक्व कीटकासारखी फ्लाय) आणि मोठ्या वेट फ्लायसाठी (पाण्याखाली वापरायची फ्लाय) मला हीच पद्धत पसंत आहे.

लूप कसा करावा हे बहुतेकांना माहीत असेल, तरी एक टप्पा नेहमी निसटतो म्हणून लिहितो. दोरा लांब काढून पिळणीच्या आकड्यावरून परत गळापर्यंत आणल्यावर दोन्ही पदरांवर दांडीपाशी तीन-चार वेढे द्यायचे असतात. त्यानंतर दांडीला नव्हे, तर खाली उतरणाऱ्या त्या दोन पदरांनाच, अगदी वर, एक वेढा देऊन त्यांची तोंडे एकत्र आणायची असतात. हे केले नाही तर दोन पदर दांडीच्या दोन बाजूंनी उतरतात, वरच्या भागात त्रिकोणी फट राहते, आणि त्या फटीतले केस कितीही पीळ दिला तरी पकडले जात नाहीत. नंतर बॉबिनचा दोरा नेढ्याच्या दिशेने पुढे नेऊन ठेवावा, म्हणजे लूप गुंडाळण्याच्या वाटेत तो येत नाही.

केस पदरांना काटकोनात आणि विरळ ठेवावेत. पीळ उजव्या हाताने बांधणाऱ्याने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच द्यावा, कारण उलट पीळ दिलेला लूप गुंडाळताना प्रत्येक वेढ्याला थोडाथोडा उलगडत जातो. पीळ पुरेसा झाला की केस दोऱ्यातून सगळीकडे सारखे उभे राहतात. त्यापुढे पीळ देत राहिल्यास दोरा आखडू लागतो, आकडा वर ओढला जातो आणि शेवटी दोरा तुटतो. आकडा वर सरकू लागला की थांबावे.

लूपसाठी ७० डेनियरचा नायलॉन लहान गळांपुरता ठीक आहे. १० नंबरच्या गळावर राठ केस पिळायचे असतील तर १४० डेनियरचा नायलॉन किंवा युनीचा ६/० घ्यावा. जीएसपी येथे लोकप्रिय आहे, कारण बारीक असूनही तो तुटत नाही. पण तो गुळगुळीत असल्यामुळे मेणाशिवाय केस त्यावर घसरतात, ही त्याची दुसरी बाजू ध्यानात घ्यावी.

काठावरचा

चर्चा माहितीपूर्ण आहे, पण दोऱ्याला इतके महत्त्व देणे मला पटत नाही. इंग्लंडमधले फ्लाय बांधणारे फ्रँक सॉयर यांनी त्यांची फेझंट टेल निम्फ दोऱ्याशिवाय बांधली. तांब्याच्या बारीक तारेनेच त्यांनी सगळे बांधले आणि ती निम्फ आजही जगभर वापरली जाते. हाताला सवय असेल तर शिवणाच्या दोऱ्यानेही चांगली फ्लाय बांधता येते.

मंदप्रवाह

काठावरचा, तुम्ही दिलेले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. सॉयर यांना निम्फ पटकन बुडायला हवी होती, छातीचा उंचवटा हवा होता आणि धडावर तारेची चमक हवी होती. ही तिन्ही कामे करणारी वस्तू त्यांनी बांधणीसाठी निवडली. दोऱ्याची निवड नगण्य असती तर त्यांनी हाताशी असलेले रेशीम वापरले असते. शिवणाच्या दोऱ्याविषयी म्हणाल तर त्याने फ्लाय बांधता येते हे खरेच आहे. मात्र तो पक्क्या पिळाचा आणि जाड असतो, १८ नंबरच्या गळावर त्याने डोके बांधले की नेढे बुजते.

शेवाळ

दोरा फोडून डबिंग करण्याच्या पद्धतीविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. स्विस बांधणीकार मार्क पेटिजाँ यांच्या सीडीसी (बदकाच्या शेपटीजवळच्या तैलग्रंथीभोवतीची मऊ पिसे) फ्लायमुळे ही पद्धत पुष्कळांपर्यंत पोहोचली. लूपमध्ये दोऱ्याचे दोन पूर्ण पदर असतात, त्यामुळे लहान गळावर तेवढी जाडीही नको वाटते. येथे एकाच दोऱ्याचे तंतू दोन भागांत विभागून त्यांच्यामध्ये सीडीसीचे किंवा केसांचे तंतू ठेवले जातात, म्हणजे दोऱ्याची जाडी मुळीच वाढत नाही. १८ आणि २० नंबरच्या गळांवर हा फरक डोळ्यांना सहज दिसतो.

यासाठी दोरा पहिल्या प्रकारचाच हवा, म्हणजे न चिकटवलेल्या सुट्या तंतूंचा. जीएसपीही चालतो. चिकटवलेल्या पॉलिएस्टरमध्ये सुई घातली तर तो नीट दुभंगत नाही, तंतू तुटून दोऱ्यावर लव उभी राहते. दोरा सपाट झाला आहे का हे ओळखण्याची माझी रीत अशी आहे: बॉबिन लोंबकळत सोडून घड्याळाच्या उलट दिशेने हळूहळू फिरवावी आणि दोऱ्याकडे दिव्याच्या उजेडात तिरपे पाहावे. पीळ असेपर्यंत दोऱ्यावर चकाकीचे बारीक तिरके ठिपके दिसतात. ते लांब होत होत एका सलग चकाकत्या रेघेत मिसळले की दोरा फितीसारखा झाला असे समजावे. त्यापुढे फिरवत राहिल्यास ठिपके पुन्हा येतात, या वेळी उलट तिरकस, म्हणजे विरुद्ध पीळ भरू लागला आहे.

त्यानंतर दोरा बोटावर किंचित दाबून पसरवावा, बारीक सुईचे टोक मधोमध घालावे आणि फट रुंद करून तीत तंतू आडवे ठेवावेत. फट मिटल्यावर लगेच बॉबिन सोडून देऊ नये. डबिंगच्या खाली दोरा चिमटीत धरून बॉबिन घड्याळाच्या दिशेने जोरात फिरवावी, म्हणजे पीळ चिमटीच्या खालच्या भागात साठतो. चिमूट सोडली की तो एकदम वर धावतो आणि तंतू क्षणात जागच्या जागी पकडले जातात. सुरुवातीपासूनच हळूहळू पीळ दिला तर तंतू पकडले जाण्याआधी खाली गळून पडतात.

डावरी

मी डाव्या हाताने बांधते. वर सांगितलेल्या सर्व दिशा माझ्यासाठी उलट समजायच्या का?

शेवाळ

होय, सर्व उलट. व्हाइस (गळ धरून ठेवणारा शिकंजा) उलट बाजूस ठेवून डाव्या हाताने वरून पलीकडे वेढे देत असाल तर पीळ घड्याळाच्या विरुद्ध दिशेने भरतो. त्यामुळे डबिंग आणि लूप दोन्ही विरुद्ध दिशेने वळावेत आणि दोरा सपाट करताना बॉबिन घड्याळाच्या दिशेने फिरवावी. एक अडचण मात्र राहते. काही दोऱ्यांमध्ये कारखान्यातच थोडा पीळ दिलेला असतो आणि तो तुमच्या वेढ्यांबरोबर वाढण्याऐवजी सुटू शकतो. सुट्या तंतूंचा सपाट दोरा वापरला तर ही अडचण उरत नाही.

काठावरचा

मंदप्रवाह यांचे तारेविषयीचे उत्तर मान्य. मग दोऱ्याच्या एका अशा गुणाविषयी लिहितो ज्याला या धाग्यात अद्याप कोणी हात लावलेला नाही, तो म्हणजे रंग.

उत्तर इंग्लंडच्या जुन्या वेट फ्लाय पाहिल्या तर डबिंग कसे असावे याची कल्पना पूर्ण बदलते. वॉटरहेन ब्लोआ या फ्लायचे धड पिवळ्या रेशमाचे असते आणि त्यावर मोल या प्राण्याची राखाडी लव असते, पण ती इतकी विरळ की तिला डबिंग म्हणण्याऐवजी धुके म्हणावेसे वाटते. कोरडी असताना ती फ्लाय धूसर दिसते, पाण्यात गेल्यावर मात्र लवेखालचे पिवळे रेशीम वर येते आणि धड ऑलिव्ह रंगाकडे झुकते. तेथे दोरा हा बांधणीचा सांगाडा नसून धडाच्या रंगाचा अर्धा भाग आहे. त्याच धडासाठी काळा दोरा वापरला तर सगळे साहित्य बरोबर असूनही ती फ्लाय वेगळीच होते.

ग्रीनवेल्स ग्लोरीमध्ये डबिंग नसते, पण मुद्दा तोच आहे. १८५४ मध्ये जेम्स राइट यांनी कॅनन विल्यम ग्रीनवेल यांच्यासाठी ती बांधली. पिवळे रेशीम मोच्याच्या काळसर मेणातून ओढले की त्याला ऑलिव्ह छटा येते, आणि हीच छटा त्या फ्लायचे धड आहे. मेणसुद्धा रंग देते हे यातून दिसते. म्हणून फिकट डबिंगसाठी मी रंगहीन मेणच घेतो.

नायलॉन आणि पॉलिएस्टर ओले झाल्यावर रेशमाइतके गडद होत नाहीत. त्यामुळे जुनी कृती आधुनिक दोऱ्याने बांधताना तोच रंग न घेता एक छटा गडद दोरा घ्यावा, असे मी सुचवेन. शंका असल्यास वळलेला दोरा बोटावर घेऊन थेंबभर पाण्याने ओला करून पाहावा. कोरड्या डबिंगवरून रंगाचा निर्णय घेऊ नये.

निळाई

काठावरचा यांचा प्रतिसाद फार आवडला. मी साहित्याच्या बाजूने थोडे लिहिते.

ड्राय फ्लायसाठी पॉलिप्रॉपिलीनचे डबिंग घ्यावे कारण ते पाण्यापेक्षा हलके असते, असे सर्वत्र सांगितले जाते. पॉलिप्रॉपिलीनची घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे ०.९१ ग्रॅम, नायलॉनची १.१४ आणि पॉलिएस्टरची १.३८ आहे, त्यामुळे विधान खरे आहे. परंतु त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मला अपुरा वाटतो. पोलादी गळाची घनता ७.८ च्या आसपास असते, आणि धडातले चिमूटभर पॉलिप्रॉपिलीन त्याला तोलून धरू शकत नाही. फ्लाय तरंगते ती मुख्यतः पृष्ठताणामुळे, हॅकल (फ्लायभोवती गुंडाळलेले पीस) आणि शेपटी यांनी पाण्याच्या पृष्ठभागावर टेकल्यामुळे. डबिंगचे काम एवढेच, की त्याने पाणी शोषून धरू नये. या कसोटीवर बीव्हर आणि मस्करॅट यांची लवही उत्तम उतरते, कारण हे प्राणी पाण्यात राहतात आणि त्यांची दाट लव पाणी आत शिरू देत नाही. लेनर्ड हॅलडे यांनी १९२२ मध्ये मिशिगनमध्ये बांधलेल्या अ‍ॅडम्स फ्लायचे राखाडी धड मस्करॅटचेच असते. याच्या उलट सशाची लव पाणी चटकन पिते. म्हणून ती निम्फमध्ये गुणाची आणि ड्राय फ्लायमध्ये गैरसोयीची ठरते.

दुसरी गोष्ट स्पर्श-डबिंगची. गॅरी लाफाँटेन यांनी कॅडिस माशीच्या कोषावस्थेसाठी अँट्रॉन वापरले. या तंतूचा छेद त्रिदली असल्यामुळे तो प्रकाश वेगळ्या रीतीने परावर्तित करतो आणि हवेचे बुडबुडे धरून ठेवल्यासारखा भास होतो. असे तंतू बारीक कातरून, अत्यंत चिकट मेण लावलेल्या दोऱ्याला नुसते टेकवायचे असतात. वळायचे नाहीत. दोऱ्याला जेवढे चिकटतील तेवढेच ठेवायचे आणि सरळ वेढे द्यायचे. धड अतिशय झिरझिरीत होते, पण नाजूकही होते. त्यावरून उलट दिशेने बारीक तारेचे वेढे दिले तर ते जास्त दिवस टिकते.

सीलच्या केसांचा उल्लेख वर आला आहे. अमेरिकेत १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने आणि युरोपीय संघात २००९ च्या नियमाने सीलपासूनच्या वस्तूंच्या व्यापारावर कडक निर्बंध आले, त्यामुळे जुन्या कृतींत सील लिहिलेले असेल तेथे आता अंगोरा शेळीचे केस वापरले जातात. ते तितकेच चमकदार आणि किंचित मऊ असतात. थेट वळण्यास तेही हट्टीच आहेत, त्यांच्यासाठी लूपच बरा.

नवी_पालवी

सर्वांचे मनापासून आभार. एकाच दिशेने वळण्याचा उपाय लगेच लागू पडला. आता शेवटचा प्रश्न विचारते. सुरुवातीला दोनच रिळे घ्यायची असतील तर कोणती घ्यावीत? आणि माझा दोरा वरचेवर तुटतो. त्यासाठी जीएसपी घ्यावा का?

पाणकावळा

दोन रिळांत भागवायचे असेल तर ७० डेनियरचा सपाट नायलॉन फिकट ऑलिव्ह रंगात घ्यावा आणि युनीचा ६/० किंवा त्याच्या जोडीचा दोरा तपकिरी रंगात घ्यावा. पहिल्यावर थेट डबिंग, स्पर्श-डबिंग आणि दोरा फोडणे या तिन्ही पद्धती होतात. दुसऱ्यावर मोठ्या निम्फ आणि लूप निभावतात. काळा दोरा सर्वांत आधी घेतला जातो, पण काठावरचा यांनी सांगितलेल्या कारणामुळे फिकट डबिंगखाली तो वाईट दिसतो.

दोरा तुटण्याचे कारण आधी शोधा. बॉबिनच्या नळीच्या कडेला बारीक खरचटा असेल तर कोणताही दोरा तुटेल, जीएसपीही झिजेल. कापसाचा पुंजका नळीच्या तोंडावरून फिरवावा. तंतू अडकले तर नळी खराब आहे, तेव्हा सिरॅमिक नळीची बॉबिन घ्यावी. नळी ठीक असेल तर रिकाम्या गळावर थोडे वेढे देऊन दोरा मुद्दाम तुटेपर्यंत ओढून पाहावा. तुटण्याच्या आधी नायलॉन किती ताणला जातो हे एकदा हाताला कळले की पुढे अंदाज चुकत नाही. जीएसपीने ही सवय लागत नाही, कारण तो ताणलाच जात नाही आणि दोरा तुटण्याऐवजी बारीक गळ वाकतो.

मंदप्रवाह

पाणकावळा यांना अनुमोदन. जीएसपीची खरी जागा हरणाचे केस दांडीवर फुलवण्याच्या कामात आहे, तेथे १०० डेनियरच्या वरचा घ्यावा. तो कापण्यासाठी कात्री अतिशय धारदार हवी आणि कापताना दोरा ताणलेला हवा, नाहीतर तो पात्यांमध्ये दुमडतो. तसेच तो सुमारे १४५ अंश सेल्सिअसला वितळतो, पॉलिएस्टर मात्र २५० अंशांच्या पुढे. बाहेर आलेले केस तापलेल्या सुईने जाळून काढण्याची सवय असेल तर जीएसपीच्या जवळ ती सुई नेऊ नये.

शेवाळ

एक विचारायचे राहिले. एकाच प्रकारच्या बऱ्याच निम्फ बांधायच्या असतील तर डबिंग आधीच पिळून ठेवता येते का? लूप गळावरच करावा लागतो, त्यात वेळ फार जातो.

काठावरचा

येते, आणि ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेतले वेट फ्लाय बांधणारे जेम्स लायझनरिंग फ्लायची धडे अशीच आगाऊ तयार करून ठेवत. लाकडाच्या लहान ठोकळ्यावर मेण लावलेले रेशीम ताणून ठेवायचे, त्यावर केस निमुळत्या आकारात पसरायचे, वरून रेशमाचा दुसरा पदर आणायचा आणि दोन्ही मिळून पिळायचे. पीळ पूर्ण झाल्यावर दोन्ही टोके कडांना खाचा पाडलेल्या पुठ्ठ्यात ताणून अडकवावी लागतात, कारण एक टोक सुटले तरी पीळ उलगडतो. मेण लावलेले रेशीम काही दिवस असे राहिले की पीळ धरून ठेवते आणि नंतर सहजी सुटत नाही. नायलॉन लवचीक असल्यामुळे तितका आज्ञाधारक नसतो, त्यामुळे पुठ्ठ्यावरून काढताना दोन्ही टोके चिमट्यांत धरूनच गळाकडे न्यावीत. रेशीम न मिळाल्यास बारीक तांब्याच्या तारेच्या दोन पदरांमध्ये केस पिळावेत. तारेचा पीळ आपोआप उलगडत नाही आणि वजनही मिळते. ड्राय फ्लायसाठी मात्र तार उपयोगाची नाही.

शेवाळ

आभारी आहे. तारेचा प्रयोग सशाच्या केसांवर आधी करून पाहते. खाचांचा पुठ्ठा करताना दोन कडांमधले अंतर किती ठेवावे?

काठावरचा

गळाच्या लांबीवर ते अवलंबून आहे. १२ आणि १४ नंबरच्या साध्या गळांसाठी दहा-बारा सेंटीमीटर पुरे. केस मधल्या चार-पाच सेंटीमीटरांतच ठेवावेत, म्हणजे दोन्ही बाजूंना पकडण्यापुरते मोकळे रेशीम उरते.